तुम्ही विचारलंत म्हणून: कलाकारांना नोकरीतलं काय कळतं?

मी कलेविषयी लिहिते, अधूनमधून लोकांना प्रदर्शनं दाखवतेही. प्रदर्शन काम, नोकरी, उत्पादकता असल्या विषयावरचं असलं की एक प्रश्न ठरलेला असतो: "ज्यांनी जन्मात मस्टरवर सही केली नाही, ते आम्हाला कामाबद्दल काय सांगणार? आणि सांगणार तेही हेच ना, की आराम करा?" एका गृहस्थांनी तर 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' एवढं म्हणून विषयच मिटवला होता. टोमणा सोडून देऊ. त्याच्या खाली खरा प्रश्न आहे.

आधी तुमच्या बाजूने बोलते. या विषयावरची बरीच प्रदर्शनं टाकाऊ असतात. दालनात चार झोपाळे टांगायचे, बीनबॅग पसरायच्या, भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'जरा थांबा' असं रंगवायचं आणि याला उत्पादकतेला विरोध म्हणायचं. ज्याला थांबणं परवडतं तो तसाही थांबलेलाच असतो. बाकीचे फोटो काढून पुढच्या मीटिंगला पळतात. ते झोपाळे टांगायला आदल्या रात्री उशिरापर्यंत शिडीवर कोण उभं होतं, हे कुठेच लिहिलेलं नसतं. असल्या प्रदर्शनाला नावं ठेवलीत तर मीही सूर मिसळीन.

पण 'मस्टरवर सही केली नाही' हे काही खरं नाही. तेहचिंग शिये हा तैवानहून न्यूयॉर्कला आलेला, कागदपत्रांविना राहिलेला, हॉटेलांत भांडी घासून पोट भरलेला कलाकार. ११ एप्रिल १९८० या दिवशी त्याने आपल्या स्टुडिओत कारखान्यात असतं तसं पंचिंगचं घड्याळ लावलं आणि पुढचं वर्षभर दर तासाला, तासाच्या ठोक्याला, त्यात कार्ड पंच केलं. दिवसा तर केलंच, रात्रीही केलं. अंगात कामगाराचा करडा गणवेश. पंच केला की १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर स्वतःची एक फ्रेम घ्यायची. सुरुवातीला त्याने डोकं भादरून घेतलं होतं, म्हणजे गेलेला काळ केसांवरून दिसावा. दिवसाचे पंच २४ आणि फिल्म पळते ती सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने. म्हणून पडद्यावर एक दिवस एका सेकंदात संपतो आणि अख्खं वर्ष सहा मिनिटांच्या आसपास. घड्याळाचे काटे गरगरतात, केस वाढत वाढत खांद्यावर येतात, माणूस जागच्या जागी थरथरत राहतो.

वर्षाचे तास ८,७६०. त्यातले १३३ पंच चुकले. ९४ वेळा झोप लागली म्हणून, २९ वेळा उशीर झाला म्हणून, १० वेळा घाईने आधीच पंच केला म्हणून. ही नोंदही त्याच्या कलाकृतीचा भाग आहे. कुठल्याही एचआरला हेवा वाटावा असा हिशेब!

आता सांगा, या वर्षात त्याने तयार काय केलं? काही नाही. नोकरीतलं सगळं तिथे आहे: गणवेश, कार्ड, वेळेचा धाक, कार्डांवर साक्षीदाराच्या सह्या, चुकल्याची नोंद. त्यातून काम तेवढं वजा केलंय. आणि तरी हा माणूस वर्षभर सलग झोपेला मुकला, तासाभरात परत येता येईल त्याहून लांब जाऊ शकला नाही. आपल्याला दमवतं ते काम की हजेरी, हे मला त्या सहा मिनिटांनी जितकं स्वच्छ दाखवलं तितकं कुठल्या भाषणाने दाखवलं नाही. मी नोकरीत असताना आम्हाला दिवसाचा हिशेब पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यांत भरावा लागे, आणि त्यात 'टाइमशीट भरणे' असाही एक रकाना होता. ज्याने तो घातला त्याला विनोद करायचा नव्हता.

आता 'यांचा काय संबंध' याकडे येते, कारण माझं उत्तर इथे आहे. संबंध आहे, आणि तो चांगलाच जुना आहे. आपण ज्या चौकटीत बसून काम करतो ती आभाळातून पडलेली नाही. कुणीतरी ती कागदावर आखली, नमुने केले, मोजून पाहिलं. चित्र, रेखाटन, छायाचित्र ही त्या मोजणीची हत्यारं होती.

फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन जोडप्याचं उदाहरण घ्या. १९१० नंतरच्या काळात ते कामगारांच्या हातांना छोटे दिवे बांधत आणि अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवून काम करायला लावत. फोटोत माणूस पुसट होतो आणि हातांनी हवेत काढलेल्या प्रकाशाच्या रेघा उरतात. त्या रेघांवरून ते तारेचे नमुने वळवत, म्हणजे बिनफायद्याचं वळण कुठे आहे ते कामगाराला दाखवता यावं. फ्रँक स्वतः आधी गवंडीकाम केलेला. एक वीट बसवायला लागणाऱ्या १८ हालचाली त्याने पाचांच्या आसपास आणून ठेवल्या. पाठ कमी वाकायला लागली हे चांगलंच झालं. वाचलेल्या वेळात मात्र गवंडी घरी गेला नाही, त्याने आणखी विटा रचल्या. ते फोटो बघताना मी दरवेळी रेंगाळते, इतके ते सुंदर आहेत, आणि त्यांचा हेतू मनातून जात नाही.

बायकांच्या कामालाही हे घड्याळ लागलं. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या नव्या घरांसाठी स्वयंपाकघर आखलं: १.९ बाय ३.४ मीटर, पावलं मोजून आखलेलं, हात लांबवला की वस्तू मिळेल असं. सुमारे दहा हजार घरांत ते बसलं. बाईची पायपीट वाचावी हा हेतू अगदी प्रामाणिक होता. फक्त ते इतकं नेमकं होतं की त्यात दुसऱ्या माणसाने हातभार लावायला शिरायचं म्हटलं तर जागा नाही. ऑफिसातल्या क्युबिकलचीही हीच गत. रॉबर्ट प्रॉप्स्ट या अमेरिकन डिझायनरने १९६० च्या दशकात 'अ‍ॅक्शन ऑफिस' नावाची हलवता येणाऱ्या पडद्यांची आणि फर्निचरची मांडणी आखली ती माणसाला हलतं-फिरतं, मोकळं काम करता यावं म्हणून. कंपन्यांनी त्याच पडद्यांचे खुराडे केले आणि पुढे प्रॉप्स्टलाच त्याची चीड आली.

म्हणून डिझायनर जेव्हा उत्पादकतेवर प्रश्न विचारतो तेव्हा तो परक्याच्या घरात डोकावत नसतो. आपल्याच धंद्याने केलेलं काम तो तपासत असतो.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण म्हणजे रेविटल कोहेन आणि टूर व्हॅन बालेन या कलाकार जोडीचं '७५ वॅट'. माणूस आठ तास राबतो तेव्हा त्याच्या शरीरातून सरासरी साधारण ७५ वॅट शक्ती निघते, असा अभियांत्रिकीतला हिशेब आहे, नाव त्यावरून. २०१३ मध्ये त्यांनी चीनमधल्या चोंगशान इथल्या कारखान्यात एक वस्तू बनवून घेतली. ती कशासाठी? कशासाठीच नाही. तिचा काहीही उपयोग नाही. नृत्यदिग्दर्शकाला सोबत घेऊन ती अशी आखली होती की ती जोडताना असेंब्ली लाइनवरच्या कामगारांनी ठरलेल्या नाचाच्या हालचाली कराव्यात. हात ताणायचा, वस्तू अंगाजवळ घ्यायची, अर्ध वळायचं, पुढच्याकडे द्यायची. चाळीस नग तयार झाले. कलाकृती म्हणून नग आहेत आणि त्या हालचालींचा व्हिडिओही आहे. गिलब्रेथने वस्तूसाठी हालचाल बेतली, या दोघांनी हालचालीसाठी वस्तू बेतली. हत्यार तेच, धरलंय उलटं. आणि व्हिडिओ बघताना मनात येतं, की माझ्या टेबलावरच्या बिनकामाच्या डझनभर वस्तूंसाठी कुणी कुणी कसकसे हात हलवले असतील. (हे दोघं कामगारांना वापरतच नाहीत का, असाही प्रश्न मला विचारला गेलाय. वापरतात. मला ते खुपतं, आणि तरी काम आवडतं.)

आळसाचं म्हणाल तर पिल्वी तकाला या फिनिश कलावतीचं 'द ट्रेनी' आहे. २००८ मध्ये हेलसिंकीतल्या एका मोठ्या सल्लागार कंपनीच्या मार्केटिंग विभागात ती महिनाभर प्रशिक्षणार्थी म्हणून राहिली; खरी गोष्ट मोजक्यांनाच माहीत होती. ती रिकाम्या टेबलाशी नुसती बसून राही. कुणी विचारलं तर सांगे, डोक्यात काम चाललंय. एक अख्खा दिवस तिने लिफ्टमध्ये वर-खाली करत काढला. सहकारी आधी गोंधळले, मग बेचैन झाले, वरच्यांना ईमेल जायला लागल्या. स्क्रीनसमोर बसून पाट्या टाकणारा कुणालाच खुपत नाही. खुपली ती, कारण तिने सोंग घेतलं नाही.

आणि थांबण्याचं एकच प्रदर्शन मला खऱ्या अर्थाने पटलंय, ते म्हणजे मारिया आइखहॉर्न या जर्मन कलावतीचं. लंडनच्या चिझनहेल गॅलरीने २०१६ मध्ये तिला प्रदर्शनासाठी बोलावलं. तिने आधी तिथल्या कर्मचाऱ्यांशी त्यांच्या कामाबद्दल बोलणं केलं: कधी येता, घरी काय नेता, जास्तीच्या तासांचं काय. मग ठरलं ते असं: पहिल्या दिवशी एक परिसंवाद, त्यानंतर प्रदर्शनाचे पाच आठवडे गॅलरी बंद आणि कर्मचाऱ्यांना भरपगारी सुट्टी. येणाऱ्या ईमेल आपोआप पुसल्या जात, म्हणजे परतल्यावर ढीग उपसायला नको. प्रदर्शनाचं नावच मुळी '५ आठवडे, २५ दिवस, १७५ तास'. झोपाळा नाही, बीनबॅग नाही. थांबायला मिळालं ते रोज कामावर येणाऱ्यांना, आणि पगारासकट.

अशा प्रदर्शनाला गेलं की मी हेच बघते. ज्यांच्या श्रमावर ते उभं आहे, त्यांचा हिशेब त्यात आहे का? मिअर्ल लेडरमन युकेलीस या अमेरिकन कलावतीने हे कधीच विचारून ठेवलंय. मूल झाल्यावर तिच्या लक्षात आलं की धुणं-पुसणं-सांभाळणं यात दिवस जातो आणि त्याला कुणी काम म्हणत नाही, कला तर नाहीच. तेव्हा १९६९ मध्ये तिने जाहीरनामा लिहून देखभालीलाच कला ठरवलं. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या संग्रहालयात तिने पायऱ्या धुतल्या. तिथेच एका ममीची काचपेटी सफाई कामगार रोज पुसायचा. ती तिने स्वतः पुसली आणि हे पुसणं कलाकृती असल्याचं जाहीर केलं. झालं! आता ती पेटी कलाकृती झाली, म्हणजे तिला हात लावायचा तो संग्रहालयाच्या कलाकृती-जतन तज्ज्ञाने. फडकं तेच, काच तीच, पण पुसणाऱ्याचा हुद्दा बदलला. पुढे १९७९-८० मध्ये तिने न्यूयॉर्कच्या साडेआठ हजार सफाई कामगारांशी एकेकाला गाठून हस्तांदोलन केलं आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार मानले.

राहिला तुमचा लाडका उपप्रश्न: "त्या रिकाम्या कॅनव्हासवाल्याचं काय?" डेन्मार्कच्या ऑलबोर्गमधल्या कुन्स्टन संग्रहालयात २०२१ साली कामाच्या जगावरचंच 'वर्क इट आउट' हे प्रदर्शन होतं. येन्स हॉनिंग या डॅनिश कलाकाराने त्यासाठी आपल्या जुन्या कलाकृती पुन्हा करून द्यायच्या होत्या, डेन्मार्क आणि ऑस्ट्रियातल्या सरासरी वार्षिक उत्पन्नाइतक्या खऱ्या नोटा फ्रेममध्ये लावून. या नोटांसाठी संग्रहालयाने पाच लाखांहून जास्त डॅनिश क्रोनर उसने दिले. त्याने पाठवले दोन कोरे कॅनव्हास, नाव 'टेक द मनी अँड रन'. त्याचं म्हणणं, ठरल्याप्रमाणे काम केलं असतं तर पदरचे २५,००० क्रोनर घालावे लागले असते. तुम्ही याला सरळ लबाडी म्हणता. उसने पैसे परत करायचे असतात हे मलाही मान्य आहे, आणि २०२३ मध्ये कोर्टानेही त्याला ४,९२,५४९ क्रोनर परत करायला लावले. पण त्याच निकालात ४०,००० क्रोनर त्याचं मानधन म्हणून वळते करून दिले. कॅनव्हास कोरे होते खरे, पण संग्रहालयाने ते भिंतीवर लावले होते.