ग्रहणात काय चिरलं होतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. बारशाला आलेल्या, एसटीत शेजारी बसलेल्या, हळदीकुंकवाला वाण देता देता थबकलेल्या, सगळ्यांचा प्रश्न हाच. "ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?" वाईट मनाने कुणी विचारत नाही. लेकाच्या वरच्या ओठावरची रेघ दिसते आणि तोंडून निघून जातं.

आधी तारखा सांगते. लेक मार्च 2023चा. माझ्या दिवसांत पहिलं ग्रहण आलं ते 25 ऑक्टोबर 2022ला, सूर्याचं. लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधोमध आलेलं, आठवत असेल. ओठ दुभंगलेला आहे हे सोनोग्राफीत त्याच्या आठ दिवस आधीच कळलं होतं. तरी त्या दिवशी उन्हं कलल्यापासून मी खिडक्या लावून, हात मांडीवर ठेवून बसले. "आहे ते आहे, त्यात आणखी भर नको," सासूबाई म्हणाल्या. वाद घालायचं त्राण नव्हतं. खरं सांगायचं तर थोडी भीती मलाही होतीच.

ओठ जुळतो तो पहिल्या दोन महिन्यांत. बाजूचे आणि मधले भाग वाढत येऊन एकमेकांना मिळतात. कधी मिळत नाहीत. माझा हिशेब केला तर तो आषाढी एकादशीच्या आसपासचा काळ. 2022मध्ये 16 मे ते 25 ऑक्टोबर जगात कुठेही ग्रहण नव्हतं, ना सूर्याचं ना चंद्राचं. सातशे बाळांत साधारण एकाला असं होतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत बोट ठेवावं असं एक कारण सापडत नाही. गंमत म्हणजे मेक्सिकोतही ग्रहणाने ओठ फाटतो असं मानतात. तिथे गरोदर बाई पोटाशी सेफ्टी पिन लावते. इथे लोखंड हातात घ्यायचं नाही, तिथे ते अंगावरून काढायचं नाही!

ऑपरेशन जूनमध्ये मिरजेला झालं. बाळ तीन महिन्यांचं झालं, वजन पाच किलोच्या वर गेलं, हिमोग्लोबिन दहाच्या पुढे, तेव्हा डॉक्टर हो म्हणाले. ते पाच किलो कसे जमवले ते आमचं आम्हाला माहीत. टाळूही दुभंगलेला, त्यामुळे अंगावर ओढता येईना. दूध काढायचं आणि बोंडल्याने घोट घोट पाजायचं, उभं धरून. त्यातलंही थोडं नाकातून परत यायचं. बाळाला बोंडलं पाजावं ते सासूबाईंनीच. माझ्याच्याने निम्मं सांडायचं.

भूल द्यायच्या आधी चार तास आईचं दूधही बंद. सकाळी आठचा नंबर, म्हणून पहाटे चारच्या आत शेवटचं पाजलं. सहापासून त्याने जो सूर लावला! हे त्याला खांद्यावर टाकून व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. मी जवळ गेले की दुधाच्या वासाने जास्तच रडायचा, म्हणून मला लांब बसवलेलं. सिस्टर आल्या, वाळे काढा म्हणाल्या, मनगट्या काढा म्हणाल्या. करगोटा निघेना, तो त्यांनी कात्रीने कापला. सासूबाईंनी तो पदराच्या टोकाला बांधला. मग हिरव्या कपड्यात गुंडाळून त्याला आत नेलं. दार झुलत राहिलं. त्या दीड तासाबद्दल मला काही लिहिता येत नाही.

बाहेर आला तो मला ओळखू आला नाही. ओठ सुजलेला, टाक्यांची काळी रांग, नाकपुडी वर ओढलेली. सगळे म्हणत होते, किती छान झालं. छान झालंच होतं. पण त्याचं ते रुंद, नाकापर्यंत जाणारं हसू मी तीन महिने पाहिलं होतं, आणि ते गेलं होतं. त्याचा फोटो नीट काढायचा राहिला. कोण काढणार, आम्ही तर प्रत्येक फोटोत दुपटं पुढे ओढायचो.

बोटं टाक्यांना लागू नयेत म्हणून दोन्ही कोपरांना पुठ्ठे बांधले होते. हात ताठ करून झोपलेलं बाळ, पोलिसाने थांबवलेल्या गाडीवाल्यासारखं.

शेजारच्या कॉटवर जतकडची एक बाई होती. तिचं बाळ पाच महिन्यांचं, पण वजन भरत नव्हतं म्हणून उशीर झालेला. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकाने त्यांना इकडे पाठवलं होतं. दुसऱ्या रात्री दोघीही जाग्या. तिने विचारलं, "ताई, तुमी गिराण पाळलंतं का?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. हो हो, सगळं पाळलं होतं, काही चिरलं नाही, कापलं नाही. हे उत्तर मी इतक्यांदा दिलं होतं, आणि दर वेळी देताना जरा बरं वाटायचं.

ती बाळाकडे बघत म्हणाली, "मी ऊस तोडत हुते. सातवा म्हैना. मुकादमाची उचल घेतल्याली. सांजंपतूर कोयता चालवला."

8 नोव्हेंबरचं चंद्रग्रहण. म्हणजे माझ्या त्या 'पाळलं होतं'ने मी तिलाच दोषी ठरवून मोकळी झाले होते. तेव्हापासून ते उत्तर मी कुणालाच देत नाही. तुम्हालाही दिलं नसतं, पण तारखा सांगायच्या तर ते आलंच.

मी तिच्या कॉटवर जाऊन बसले आणि डॉक्टरांनी समजावलेलं सगळं तिला समजावलं. ओठ कधी जुळतो, सातव्या महिन्यापर्यंत सगळं कधीच होऊन गेलेलं असतं, कोयत्याचा संबंध नाही. तिने बोटांवर महिने मोजले. मागे गेली, पुन्हा मोजले.

"म्हंजी मिरगाच्या टायमाला?"

"हो, तेव्हाच."

ती बराच वेळ गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "तवा काय खाल्लं असंल ओ मी?"