समुद्र शिकायचाय ना, मग मॅथ्स सोडू नका

मागच्या आठवड्यात मामेभावाच्या मुलीचा फोन आला, फैजपूरला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, म्हणे आत्या मला समुद्र नाहीतर हवामानातच मास्टर्स करायचंय पण आपल्याकडे तर हा विषयच नाही, मग मी आता काय करू.

तर हा विषय बीएस्सीला असायलाच लागतो हे आधी डोक्यातून काढा. पुणे विद्यापीठाचा वातावरण व अवकाश विज्ञान विभाग घ्या, कोचीन घ्या, गोवा घ्या, पुढे रिसर्चला पुण्यात पाषाणची आयआयटीएम (हवामान संशोधनाची संस्था) किंवा गोव्यात दोना पावलाची एनआयओ (समुद्र संशोधनाची संस्था), सगळीकडे पाया लागतो तो फिजिक्स आणि मॅथ्सचाच. (मासे, प्रवाळ असं शिकायचं असेल तर वाट वेगळी, मी पाणी आणि हवा हलते कशी त्याबद्दल बोलतेय.)

मी सेकंड इयरला मॅथ्स सोडलं होतं. टक्के घसरतील, सोड, असं मला सांगण्यात आलं आणि मी ऐकलं, त्याचं अजून वाईट वाटतं. एमएस्सीच्या पहिल्याच सेमिस्टरला वाऱ्याची समीकरणं समोर आली. दाबातला फरक हवेला ढकलतो, पृथ्वी फिरते म्हणून ती आपल्या गोलार्धात उजवीकडे वळते, हे बोलून सांगता येतं हो, पण कागदावर मांडायला व्हेक्टर कॅल्क्युलस आणि पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स लागतात आणि मला ते काहीच येत नव्हतं. त्या दिवाळीला घरी गेले नाही, होस्टेलवर बसून शिकले, रडत रडत शिकले. म्हणून मेजर फिजिक्स असेल तर मायनर मॅथ्सच घ्या, बाकी कोणी काही म्हणो.

आणि थर्मोडायनॅमिक्स परीक्षेपुरतं करू नका. हे गणित आजच वहीत करून बघा: हवेचा दाब साधारण १ लाख पास्कल, त्याला गुरुत्वाकर्षणाच्या ९.८ ने भागा, म्हणजे एका चौरस मीटरवर जवळजवळ १० टन हवा. केळीची एक ट्रक भरेल एवढं वजन! आता पाण्याची विशिष्ट उष्णता (एक किलो १ अंशाने तापवायला लागते ती) हवेच्या चौपटीहून थोडी जास्त, म्हणजे तो अख्खा हवेचा खांब १ अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात समुद्राचं फक्त अडीच मीटर पाणी १ अंशाने तापतं. अडीच मीटर! आपल्या विहिरीच्या मोजक्या पायऱ्या. हे पहिल्यांदा सोडवलं तेव्हा कळलं की समुद्र केवढी उष्णता साठवतो आणि आपला पाऊस समजायचा तर त्याच्याकडे का बघावं लागतं.

बाकी प्रोग्रामिंग. पायथन आत्ताच सुरू करा, साधा लॅपटॉप पुरतो. हवामान खात्याचा १९०१ पासूनचा रोजच्या पावसाचा ग्रिड डेटा (नकाशाच्या एकेका चौकटीचे आकडे) फुकट मिळतो, त्यातून आपल्या जिल्ह्याचा जुलैचा पाऊस काढून ग्राफ करा, एवढं एक काम मनापासून केलं की इंटरव्ह्यूला बोलायला काहीतरी स्वतःचं असतं. जॅमचा (आयआयटी वगैरेंच्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) फॉर्म आणि विज्ञान अकादम्यांची समर फेलोशिप, या दोन्हींच्या तारखांवर लक्ष ठेवा, गावाकडे या गोष्टी वेळेवर कोणी सांगत नाही.

आमच्या नानांनी केळीच्या बागेत खांबाला थर्मामीटर बांधलेलं होतं. थंडीत रोज पहाटे बॅटरी घेऊन जायचे आणि आकडा वहीत लिहायचे, कारण पारा खाली गेला की केळीला चरका बसतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की म्हणायचे आज रात्री पाणी द्यावं लागेल. जमिनीची उष्णता उघड्या आभाळाकडे निघून जाते आणि ढग असले की गोधडी पांघरल्यासारखी अडते, हे रेडिएशनचं अख्खं प्रकरण नानांना वहीवरून पाठ होतं, आणि मी मात्र ते पुण्याला जाऊन शिकले.

त्या वह्या आता मी फोन करणाऱ्या त्या पोरीकडे दिल्यात. काल तिनं पहिल्या दोन महिन्यांचे आकडे एक्सेलमध्ये टाकून पाठवले, शेजारी ढगांचा वेगळा कॉलम केलाय, नानांनी जिथं जिथं ‘आभाळ’ लिहिलंय तिथं १ आणि बाकी ०. मी तिला हे सांगितलं नव्हतं.