पहिली गाडी आणायला दोन फेऱ्या

पहिली गाडी घरी आणायला मला दोन फेऱ्या कराव्या लागल्या. पहिल्या फेरीत अडीच तास बसने जाऊन गाडी बघितली, चालवली, मनात भरली, आणि संध्याकाळी तशीच बसने परत आले. दुसऱ्या फेरीत दुसरीच गाडी स्वतः चालवत आणली. मधल्या सतरा दिवसांत मी गाडीपेक्षा विम्याचाच जास्त अभ्यास केला. तो आधी केला असता तर पहिली फेरी वाचली असती. ज्यांचं वय विशी-बाविशीचं आहे, परवाना ताजा आहे आणि साठवलेल्या पैशांत जुनी गाडी घ्यायची आहे, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

पहिल्या फेरीला सोबत दादा होता. माझा मावसभाऊ, दहा-बारा वर्षं गाडी चालवतो. पत्त्यावर पोहोचलो तेव्हा गाडी दारात धुऊन-पुसून उभी होती. गाडीवाल्या काकांनी हसून स्वागत केलं आणि म्हणाले, "तुम्ही येताय म्हणून आत्ताच सुरू करून ठेवली होती." दादाने काही न बोलता बोनेटवर तळहात ठेवला. चांगलंच गरम होतं. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. नंतर त्याने समजावलं की इंजिन थंड असताना पहिल्यांदा चावी फिरवली की गाडी खरं बोलते. बॅटरी दमलेली असेल तर स्टार्टर कण्हतो, तेल जळत असेल तर पहिला निळसर धूर दिसतो, पहिल्या काही सेकंदांत आतली खडखड ऐकू येते. गरम इंजिनात यातलं बरंचसं झाकलं जातं. म्हणून फोनवरच सांगून ठेवा: आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. माणूस सरळ असेल तर त्याला याचं काही वाटत नाही.

आत बसले. काट्यावर किलोमीटर अगदी कमी होते, नव्यासारखी गाडी म्हणावी इतके. पण क्लचच्या पेडलवरचं रबर पार झिजून गुळगुळीत झालं होतं, एका कोपऱ्यात खालचं लोखंड दिसत होतं. स्टिअरिंगही हात लागून लागून चकाकत होतं. एवढ्यावरून काटा मागे फिरवला आहे असा आरोप करता येत नाही. शहरातल्या गर्दीत कमी किलोमीटरमध्येही क्लच सतत दाबला जातो. पण मग सर्व्हिसच्या नोंदी बघाव्या लागतात. प्रत्येक सर्व्हिसला तारीख आणि किलोमीटर लिहिलेले असतात, ते चढत्या क्रमाने जुळले पाहिजेत. काकांचं सर्व्हिस बुक हरवलं होतं.

खरं सांगायचं तर तरीही मला ती गाडी हवी होती. रंग आवडला होता, चालवताना हलकी वाटली होती. सौद्याचं बोलणं सुरू झालं आणि दादाने विचारलं, "विम्याचं काय ठरवलंयस?" मी ठरवलंच नव्हतं. गाडीची किंमत, इंधन, नोंदणी बदलण्याचा खर्च, सगळं वहीत होतं. विम्यापुढे "बघू" एवढंच लिहिलं होतं. पायरीवर बसून एका विमा कंपनीला फोन लावला. त्यांनी वय विचारलं, परवाना कधी मिळाला ते विचारलं, गाडीचं मॉडेल, इंजिन, रात्री गाडी कुठे उभी राहणार, वर्षाला साधारण किती फिरणार, आधी कधी अपघात किंवा दंड झालाय का. मग आकडा सांगितला. वर्षाचा हप्ता गाडीच्या किमतीच्या जवळजवळ एक तृतीयांश होता.

काका मदतीच्या भावनेनेच म्हणाले, "अगं, माझा विमा अजून चार महिने आहे. त्यावरच घेऊन जा." हे वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळेल. ऐकू नका. विमा हा विमा कंपनी आणि त्या मालकाचा करार असतो, आणि गाडी विकल्यावर तो करार नव्या मालकाला कितपत लागू होतो हे त्या-त्या ठिकाणच्या कायद्यावर आणि पॉलिसीच्या मजकुरावर ठरतं. कंपनीकडून लेखी उत्तर हातात नसेल तर विमा नाही असंच धरून चाला. आम्ही परतीची बस पकडली. मी वाटेत फारसं बोलले नाही.

घरी येऊन मी आधी हा हप्ता इतका का हे समजून घेतलं, कारण तोपर्यंत मला तो निव्वळ अन्याय वाटत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे 11 लाख 90 हजार माणसं रस्त्यांवर मरतात, आणि 5 ते 29 या वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण रस्ते अपघात हेच आहे. नव्या चालकाला सगळ्यात जास्त धोका परवाना मिळाल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत असतो, आणि गाडीत आपल्याच वयाचे मित्र बसले की तो आणखी वाढतो. हे वाचल्यावर माझा राग उतरला. पहिले सहा महिने रात्री मित्रांना घेऊन लांब जायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

विम्याची सक्तीही मुळात आपल्या गाडीसाठी आलेली नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 1927 पासून आणि ब्रिटनमध्ये 1930 च्या कायद्याने विमा बंधनकारक झाला, तो आपल्यामुळे दुसऱ्याला इजा झाली तर त्याला भरपाई मिळावी म्हणून. थर्ड पार्टी म्हणतात तो हाच. तुमची गाडी खांबाला आपटली तर त्यातून तुम्हाला काही मिळत नाही. स्वतःच्या गाडीचं नुकसान, चोरी, आग यांसाठी सर्वसमावेशक पॉलिसी लागते. जुन्या स्वस्त गाडीला थर्ड पार्टी पुरे, असं मला सगळेच सांगत होते. तरी दोन्हींचे आकडे मागवा. मला मिळालेल्या आकड्यांत फरक इतका थोडा होता की मी सर्वसमावेशकच घेतली.

मग मी उलट्या बाजूने सुरुवात केली. पाच मॉडेलं निवडली आणि एकही गाडी बघायला न जाता पाचांचे हप्ते मागवले. चालक तीच, पत्ता तोच, तरी सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांत जवळपास दुपटीचा फरक आला. लहान इंजिन, सहज मिळणारे सुटे भाग, चोरांना फारसा रस नसलेलं मॉडेल, असं असेल तर हप्ता उतरतो. गाडीत आधीच्या मालकाने काही बदल केले असतील, रुंद चाकं किंवा वेगळा सायलेन्सर, तर तेही कळवावं लागतं आणि बहुधा महागात पडतं. पाचांतली दोन मॉडेलं तिथल्या तिथे गळाली. काकांची गाडी त्यांतलीच एक.

क्लेमच्या वेळी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम वाढवली की हप्ता कमी होतो. फॉर्म भरताना तो आकडा वर सरकवायचा मोह फार होतो. मी स्वतःला एकच प्रश्न विचारला: उद्या सकाळी गाडी ठोकली तर एवढे पैसे माझ्या खात्यात आहेत का? जिथे उत्तर "हो" आलं तिथे थांबले. गाडीत यंत्र बसवून किंवा फोनमधल्या ॲपने वेग, जोरात मारलेले ब्रेक आणि रात्रीचं फिरणं नोंदवणाऱ्या पॉलिसीही असतात. शांत चालवणाऱ्या नव्या चालकाला त्या खरंच परवडतात. मात्र नोंदी वाईट आल्या तर हप्ता मध्येच वाढतो का, आणि ती माहिती कोणाकोणाला दिली जाते, हे आधी विचारून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आत्याने अगदी मायेने सुचवलं, "बाबांना मुख्य चालक दाखव आणि तुझं नाव खाली घाल, निम्म्यात काम होईल." घरोघरी हा सल्ला मिळतो. गाडी खरोखर बाबाच जास्त चालवणार असतील तर त्यात गैर काहीच नाही. पण रोज मी चालवणार आणि कागदावर ते, ही फसवणूक होते. विम्यात दोन्ही बाजूंनी सगळं खरं सांगायचं हे तत्त्व लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी 1766 साली इंग्लंडमधल्या एका खटल्यात मांडलं, आणि आजही क्लेम आला की कंपनी आधी तेच तपासते. रोज कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या रस्त्यावर दिसणारी गाडी कोण चालवतं हे शोधणं अवघड नसतं. क्लेम नाकारला गेला, पॉलिसी रद्द झाली, तर पुढच्या प्रत्येक फॉर्मवर ते लिहावं लागतं. शिवाय क्लेम न केल्याची सवलत साधारणपणे पॉलिसी ज्याच्या नावावर त्याच्याच खात्यात जमते. मला ती पहिल्या वर्षापासून माझ्या नावावर हवी होती. बाबांचं नाव मी जादा चालक म्हणून घातलं, कारण ते कधीमधी चालवणार आहेतच. त्यानेही हप्ता थोडा उतरला, आणि तो सरळ मार्गाने.

दुसरी फेरी शनिवारी सकाळी. गाडी एका काकूंची होती, पहिल्याच मालक. निघण्याआधी मी त्यांच्याकडून नोंदणीच्या कागदाचे आणि चॅसिस नंबरचे फोटो मागवले होते. हा नंबर 17 अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. कागदावरचा नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. गाडीवर कर्जाचा बोजा शिल्लक आहे का तेही याच वेळी तपासा.

या वेळी बोनेट थंडगार होतं. तेलाचं झाकण उघडून आतली बाजू बघितली, तेलात पाणी गेल्याची खूण असलेला दुधाळ साका नव्हता. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागला आणि काही सेकंदांत विझला. तो मुळात लागलाच नाही तरी संशय घ्यायचा. चारही टायरांच्या बाजूला उमटवलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचले. पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष: 3219 म्हणजे 2019 सालचा बत्तिसावा आठवडा. तीन टायर एका वयाचे, चौथा चार वर्षांनी जुना. खाचा खोल होत्या, पण बाजूच्या रबरावर बारीक भेगा दिसत होत्या. त्या एका टायरवर किंमत थोडी कमी करून मिळाली. अपघात-चाचणीत गाडीला मिळालेले सुरक्षिततेचे तारे मी घरीच बघितले होते, चाचणीच्या वर्षासकट, कारण निकष दर काही वर्षांनी कडक होतात आणि जुने पाच तारे आजचे पाच नसतात. गाडी घसरताना सावरणारी ईएससी यंत्रणा मात्र मी अटच ठेवली होती.

व्यवहार ठरल्यावर तिथेच बसून पॉलिसी घेतली. सुरू होण्याची तारीखच नव्हे, वेळही वाचा. काही पॉलिसी मध्यरात्रीपासून लागू होतात, म्हणजे दुपारी गाडी रस्त्यावर काढली तर ती विम्याविनाच. पावतीवर आम्ही दोघींनी ताबा दिल्याची वेळ लिहून सह्या केल्या. त्या मिनिटाआधीचा दंड त्यांचा, नंतरचा माझा. दादाने वाटेत चालवायची तयारी दाखवली, पण माझ्या पॉलिसीत त्याचं नाव नव्हतं. म्हणून सगळा रस्ता मीच चालवला.

पहिला तास खांदे कानापर्यंत चढलेले. दादा शेजारी बसून फक्त "आरशात बघ" एवढंच म्हणत होता. तासाभराने त्याने गाडी बाजूला घ्यायला लावली. नवी घेतलेली जुनी गाडी पहिल्या तासानंतर थांबवून तपासायचीच, असं त्याचं म्हणणं. आम्ही खाली वाकून गळती बघितली, तापमानाचा काटा बघितला आणि मग प्रत्येक चाकाच्या रिमजवळ, न टेकवता, हात धरला. तीन चाकं कोमट. मागचं डावं इतकं तापलेलं की हात आपोआप मागे आला, आणि जळका वास. ब्रेक पूर्ण सुटत नव्हता. त्या चाकाकडे नीट बघितल्यावर रिमवर बाकीच्यांपेक्षा जास्त काळी धूळही दिसली. ती मला काकूंच्या दारातच दिसायला हवी होती.

अर्धा तास निवू दिलं. मग पहिल्याच गावात गॅरेज गाठलं. मेकॅनिकने चाक काढलं, ब्रेक आवळणाऱ्या कॅलिपरची गंजलेली पिन सोडवली, साफ करून वंगण लावलं, तासाभरात काम झालं. काकूंना फोन केला, त्यांना खरंच माहीत नव्हतं. वाटेत दोन-दोन तास उशीर झाला तरी गाडी अंधार पडायच्या आत घरी पोहोचेल, अशा बेताने निघा. आम्ही सकाळी निघालो होतो म्हणून हे जमलं.

पुढच्या आठवड्यात चारही टायरांची हवा तपासली, तेल आणि फिल्टर बदलले, तो भेगाळलेला टायर बदलला. महिन्याभरात गाडी उभी करायची जागा बदलली, आधी फाटकाच्या आत होती ती रस्त्यावर आली. विमा कंपनीला कळवलं. हप्ता किंचित वाढला, तो भरला.

आता धाकट्या बहिणीला परवाना मिळाला आहे आणि तिला मैदानाभोवती गाडी फिरवायची आहे. तिचं नाव पॉलिसीत चढल्याचा मेल काल आला. किल्ली आज संध्याकाळी देणार आहे.