नीरेच्या पुलावर

बंड्या गेला तेव्हा मी नागपुरात होते, भाचीच्या लग्नात. २०२४ चा फेब्रुवारी. सीमांतपूजन चाललं होतं आणि मांडवात फोनची रिंग ऐकू येत नव्हती. रात्री अकराला बघितलं तर ह्यांचे सात मिस्ड कॉल. बंड्या, आमचा कुत्रा, तेरा वर्षांचा होता, मूत्रपिंडं थकली होती, आता दिवस मोजायचे असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तरी मी गेले. शेवटी शेवटी तो उठून फाटकापाशी जाऊन बसायचा, एवढं हे नंतर एकदाच बोलले. त्यापुढचं मी विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी स्वप्न सुरू झालं. दरवेळी तेच. आमच्या इंदूरचा पहाटेचा राजवाडा, पोह्यांच्या गाड्या लागायच्या आधीची वेळ. बंड्या पुढे चाललाय, गळ्यातली साखळी रस्त्यावर घासत. मी हाक मारते. त्याचा कान हलतो, म्हणजे ऐकू जातंय, पण तो वळून बघत नाही. तसाच कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत, होळकरांच्या समाध्यांपर्यंत जातो, पुलावर चढतो आणि मला जाग येते. जागी झाल्यावरही थोडा वेळ साखळीचा आवाज कानात असायचा.

कोणाला सांगायचं? कुत्रं गेल्याचं दुःख लोक आठवडाभर मान्य करतात. मग म्हणतात, दुसरं आणा.

आमच्या राजेंद्रनगरातल्या एक काकू बरीच वर्षं आळंदीच्या दिंडीबरोबर चालतात. त्यांना मी स्वप्न सांगितलं नव्हतं, फक्त झोप लागत नाही म्हणाले होते. त्या म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. झोप न लागायला तिथे वेळच नसतो." दिंडीच्या भिशीचे, म्हणजे जेवणाखाण्याचे पैसे भरले, दोन सुती साड्या, घोंगडी, इरलं आणि ताट-वाटी घेतली, आणि इंदूर-पुणे गाडीत बसलो.

इंदूरच्या मराठी घरात पंढरपूर काही लांब नसतं. लहानपणी आषाढी म्हणजे आजीचं बोट धरून पंढरीनाथाच्या देवळात जायचं, तुळशीहार, गर्दी, घरी येऊन साबुदाण्याची खिचडी. पण पायी चालत जायचं हे आमच्या घरात कुणी केलं नव्हतं. आळंदीला देवळाच्या महाद्वारात हैबतबाबांच्या पायरीला हात लावला, तेव्हा काकूंनी सांगितलं की पालखी सोहळ्याला आजचं रूप देणारे हे हैबतबाबा आरफळकर ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. गावाकडे परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना पकडून गुहेत कोंडलं, तिथे त्यांनी अखंड हरिपाठ म्हटला आणि सुटले, अशी कथा आहे. म्हणजे आमच्याच मुलखातून परतलेला माणूस. मला फार धीर आला त्याने.

२९ जूनला प्रस्थान झालं. पहिले दोन दिवस पायांशिवाय दुसरा विषय नव्हता. दिवे घाट चढताना मात्र एक गोष्ट कळली, ती म्हणजे दिंडीत माणसाला फक्त पाठी दिसतात. पुढे पताकावाले, मग टाळकरी, मधे पखवाज, वीणा, आणि वीण्याच्या मागे आम्ही बायका, चौघी-चौघींच्या रांगेत. एकोणीस दिवस मी बहुतेक काळ एकाच आजीची टाच बघत चालले. परभणीकडच्या, डोक्यावर तुळशीवृंदावन, टाचेला भेगा आणि त्यांत माती. त्यांनी मागे वळून मी आहे की नाही असं एकदाही बघितलं नाही. रांग तुटली तर चोपदार बघतील, आपण पाऊल टाकायचं.

माझ्या बोलण्यावरून "नागपूरचं का?" असं सगळे विचारायचे. "काय करून राहिल्या आजी?" असं म्हटलं की पोरी हसायच्या. इंदूर म्हटल्यावर आजी म्हणाल्या, "अहिल्याबाईचं गाव." बस, ओळख झाली.

सासवडला सोपानकाकांच्या गावी दोन मुक्काम असतात. दुसऱ्या रात्री आमच्या दिंडीतल्या महाराजांनी कीर्तनात नाथांचं स्वप्न सांगितलं. ज्ञानदेव एकनाथांच्या स्वप्नात आले, म्हणाले, अजानवृक्षाची मुळी माझ्या गळ्याला लागली आहे, ती येऊन काढ. नाथ आळंदीला गेले, समाधीपाशी पोचले, मुळी दूर केली. आणि पुढे १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. तुकोबांनाही गुरुमंत्र बाबाजी चैतन्यांनी स्वप्नातच दिला, आणि नामदेवांनी पांडुरंगाला बरोबर घेऊन स्वप्नात येऊन कवित्व करायला सांगितलं. राहुटीत पडल्यावर मी याचाच विचार करत होते. ही सगळी स्वप्नं काही ना काही काम सांगतात. मुळी काढ, मंत्र घे, अभंग लिही. माझ्या स्वप्नात मला कोणी काही सांगत नव्हतं. एक पाठ दिसायची फक्त.

संध्याकाळची समाजआरती मला सगळ्यात आवडायची. पालखीभोवती दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ चालू असतात. चोपदार चोप उंच करतात आणि त्या हजारो माणसांच्या मैदानात एकदम शांतता होते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात. मग तिचं ऐकून घेतात. नंतर हरवलं-सापडलं पुकारतात. एक पिशवी, एक चष्मा, अमुक गावची आजी, अमुक दिंडीजवळ सुखरूप आहे. पहिल्या दिवशी मी सहज ऐकलं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून श्वास धरून ऐकायला लागले. काय ऐकायची वाट बघत होते, ते माझं मलाच ठाऊक होतं.

जेजुरीत पालखीवर भंडारा उधळला तेव्हा मी मोठ्याने रडले. खंडोबा आमच्या होळकरांचं कुलदैवत. गडाच्या बांधकामाला होळकरांचा हात लागलेला, गावात त्यांनी बांधलेला तलाव. आणि खंडोबाबरोबर घोडा असतो तसं कुत्रंही असतं. वाघ्ये स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवून घेतात, पूर्वी ते यात्रेत कोटंब्यातलं, म्हणजे भिक्षेच्या पात्रातलं अन्न कुत्र्यासारखं जमिनीवर बसून खायचे. शहाणपणाची गोष्ट आहे ही. कुत्र्याला कमी लेखणाऱ्यांनी जेजुरीला यावं. रडण्याचं कारण एवढंच की बाजारात पितळेचा टाक बघितला, घोड्यावर देव, मागे म्हाळसा, आणि घोड्याच्या पायाशी ते इवलंसं कुत्रं. मी तो टाक घेतला.

वाल्ह्याहून निघालो त्या सकाळी एक कुत्रा आमच्या रांगेला लागला. तांबूस, एक कान फाटलेला. न्याहारीच्या वेळी कुणीतरी भाकरीचा तुकडा टाकला होता, तो खाऊन माझ्या डावीकडून चालायला लागला. गावोगावची कुत्री पालखीबरोबर चार पावलं येतात आणि आपली हद्द संपली की परततात, हे एव्हाना बघून झालं होतं. हा परतेना. पिंपऱ्याच्या विसाव्याला मी पाणी प्यायला थांबले तर हाही सावलीत बसला. मी उठले तर उठला. मी मुद्दाम त्याच्याकडे बघत नव्हते, नाव तर मनातल्या मनातही ठेवलं नाही. पण हात खाली सोडला होता, आणि त्याचं नाक मधूनमधून बोटांना लागत होतं. ओलं, गार.

नीरेला माउलींच्या पादुकांना स्नान घालतात. तिथे गर्दी इतकी की माणूस माणसाला चिकटून चालतो. आमच्या इंदूरचं राज्य उभं करणारे मल्हारराव याच नीरेकाठच्या होळ गावचे. पुलावर पाऊल टाकताना त्यांना मनात नमस्कार करायचा असं मी ठरवून आले होते. तो राहिलाच. पुलाच्या तोंडाशी कुत्रा थांबला. दोन पावलं मागे गेला, पुढे आला, आणि खाली बसला. पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकत होती.

पुढच्या आजींना मागे न बघताही कळलं बहुतेक. म्हणाल्या, "त्याची शीव आली, माय. आता मागं बघू नको. तू बघितलंस की यील त्यो, अन् तिकडची कुत्री फाडतील त्याला."

मी बघितलं नाही. मागून एक बारीक आवाज आला, भुंकणं नव्हे, बंड्या फाटकापाशी काढायचा तसा. माझा जीव सगळा कानात गोळा झाला होता, मान ताठ झाली होती, आणि पाय टाकत होते. पुलाच्या मध्यावर आले तेव्हा कळलं मी काय करतेय ते.

त्याचा कान हलतो आणि तो वळून बघत नाही. चार महिने मी त्याला रुसवा समजत होते.

मला पुढे चालवेना. आजी थांबल्या नाहीत, पण एक हात तुळशीला ठेवून दुसरा मागे केला, तो मी धरला. पूल संपेपर्यंत त्यांनी काही विचारलं नाही. सातारा जिल्ह्यात शिरल्यावर म्हणाल्या, "कशामुळं रडायली?" मी सांगितलं, माझा कुत्रा मेला, मी जवळ नव्हते. "मग रड की. जीव हाय त्यो बी," एवढंच म्हणाल्या, आणि वीण्यावाल्याने जो अभंग धरला होता त्यात सूर मिसळला.

पुढचं लवकर सांगते. लोणंद, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, तरडगाव, फलटण, नातेपुते, माळशिरस. स्वार नसलेला माउलींचा अश्व रिंगणात दौडताना बघितला. लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात, मीही लावली. वाखरीच्या मुक्कामात तेच स्वप्न पडलं. राजवाडा, पहाट, साखळी. तो पुढे चालला होता. या वेळी मी हाक मारली नाही, मागून चालत राहिले, आणि तो पूल चढून गेला.

१७ जुलैला एकादशी. विठ्ठलाचं मुखदर्शन क्षणभर झालं, ते पुरलं. चंद्रभागेचं पाणी बाटलीत भरलं. आजींच्या भेगाळल्या टाचांना तेल लावून दिलं, त्यांनी माझ्या पाया पडायला वाकताच मी त्यांना अर्ध्यात धरलं. वारीत सगळेच सगळ्यांच्या पाया पडतात, तरी मला ते सोसलं नसतं.

घरी आल्यावर रात्री जेवताना ह्यांना विचारलं, "कुठे ठेवलंत त्याला?"

हे बराच वेळ ताटाकडे बघत राहिले. म्हणाले, "उद्या जाऊ."

महूच्या रस्त्याला ह्यांच्या मित्राचं शेत आहे. बांधावर कडुलिंब. सोयाबीन पोटरीपर्यंत आलं होतं, रात्रीच्या पावसाने चिखल होता. खुणेला एक पांढरा दगड ठेवला होता ह्यांनी, आणि तो स्वच्छ होता. म्हणजे हे मधून येत होते, मला न सांगता.

"आणि साखळी?"

"काढली. गळ्यात काही नको म्हटलं. घरी आहे, माळ्यावर, तू विचारशील म्हणून ठेवलीय."

मग त्या रात्रीचं सगळं त्यांनी सांगितलं, पहिल्यांदाच, तिथे चिखलात उभं राहून. मी चंद्रभागेचं पाणी दगडावर अर्धं ओतलं. उरलेल्या पाण्यासाठी ह्यांनी हात पुढे केला, तेव्हा बाटली त्यांच्याकडे दिली.