वेकमनची करी आणि दुसरी बाजू

आज पुन्हा कुणीतरी ‘यस’ या इंग्लिश रॉक बँडचा कीबोर्डवाला रिक वेकमन याच्या करीचा विषय काढला आणि सगळे हसले. मला मात्र ते लागलं. का लागलं ते नीट कळत नाही, म्हणून लिहून बघतेय.

गोष्ट खरी आहे, त्याबद्दल वाद नाही. नोव्हेंबर १९७३, मँचेस्टरचा फ्री ट्रेड हॉल. स्टेजवर ‘यस’चा नवा दोन तबकड्यांचा अल्बम ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ चालू आणि कीबोर्डांच्या आड वेकमन चिकन विंदालू खातोय. कार्यक्रमानंतर काय खाणार, असं त्याच्या माणसाने विचारलं होतं; याने यादी सांगितली आणि त्याने ती तिथल्या तिथे मागवली. वेकमन स्वतःच हे रंगवून सांगतो. (विंदालू मूळची आपल्या गोव्याची. विलायतेत तिच्यातलं डुकराचं मांस सुटलं आणि तिखट वाढलं. पण ते राहू दे.)

लागतं ते पुढचं. अल्बम इतका रटाळ की वाजवणाराच जेवायला बसला, असा निकाल देऊन लोक मोकळे होतात. ऐकायचं राहूनच जातं.

त्या रात्री काय चाललं होतं ते तरी बघा. आधी अख्खं ‘क्लोज टू द एज’, म्हणजे त्यांचा आधीचा अल्बम, मग ऐंशी मिनिटांचं ‘टेल्स’. तो अल्बम इंग्लंडच्या दुकानांत आला डिसेंबरमध्ये. म्हणजे समोर बसलेल्या बहुतेकांच्या कानांवर यातलं काही पडलंच नव्हतं. चुळबुळ होणारच.

वेकमनची तक्रारही मला पटते, हेच तर अवघड आहे. त्याचं म्हणणं, माल एका तबकडीला जास्त आणि दोन तबकड्यांना कमी होता. एलपीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं धड मावतात. त्यापुढे खाचा जवळ येतात, आवाज पडतो, बेस कापावा लागतो. चार रचना म्हटल्या की चार बाजू, आणि प्रत्येक बाजू भरायची. तिसरीत तालवाद्यांचा खणखणाट आणि गिटारवादक हाऊची स्टील गिटार, चौथीत तर बेसवादक स्क्वायरचा बेस आणि ढोलांचा धुमाकूळ. कीबोर्डवाल्याने करायचं काय?

गायक अँडरसनला हे सगळं सुचलं योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून. तिच्यात शास्त्रांचे चार प्रकार आहेत: श्रुती, स्मृती, पुराणं, तंत्र. म्हणून चार रचना. यावर आपल्याला काय वाटतं, ते पुन्हा कधीतरी.

मला पुन्हा पुन्हा आठवते ती दुसरी बाजू, कारण ती वेकमनची आहे. तिच्यात तो मेलोट्रॉन वाजवतो, म्हणजे टेपवर आधीच मुद्रित केलेले सूर वाजवणारा कीबोर्ड. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो, सुमारे आठ सेकंदांचा. तेवढा वेळ पट्टी दाबून धरली की टेप संपते आणि आवाज बंद. बोट उचललं की स्प्रिंग टेप मागे ओढते. म्हणजे लांबलचक कॉर्ड धरून ठेवायची सोयच नाही. बोटं एकेक करून सोडायची, पुन्हा टेकवायची, आणि ऐकणाऱ्याला सांधा कळू द्यायचा नाही. त्यातून खूप पट्ट्या एकदम दाबल्या तर मोटरवर ताण येऊन सूर खाली बसतो. दुसऱ्या बाजूतले ते पसरलेले सूर असे राखलेले आहेत. कंटाळलेल्या माणसाकडून ही राखण होत नाही. निदान या बाजूपुरता तरी तो पूर्ण तिथे होता.

हे लिहून राग बराच उतरला. विनोद काही थांबणार नाही आणि थांबावा असंही आता वाटत नाही. करीच्या निमित्ताने पन्नास वर्षं या अल्बमचं नाव तरी निघतंय. हसून झालं की दुसरी बाजू लावा, एवढंच म्हणत जाईन. पहिलीपासून सुरुवात नको. शिवाय २००३ च्या सीडीत तिच्या आधी दोनेक मिनिटांचा तुकडा जोडलाय, नवखा तिथेच अडखळतो. दुसरी, मग चौथी, मग पहिली. तिसरी शेवटी, आणि तिच्या गोंगाटाला वैतागून मध्येच उठायचं नाही, कारण हाऊची अकूस्टिक गिटार शेवटच्या पाच-सहा मिनिटांतच येते.