बेंचचा हिशोब: सहावा खेळाडू सापडला, दोन फाऊलचं त्रांगडं उरलं

अमेरिकन पुरुष कॉलेज बास्केटबॉलमध्ये राखीव खेळाडूंच्या वाट्याचा हिशोब मांडताना २०० मिनिटांचा (पाच खेळाडू, प्रत्येकी ४० मिनिटं) ताळा अखेर जुळला! नोंदींनुसार दुसऱ्या हाफमध्ये कोर्टवर कधी सहाजण तर कधी चौघेच दिसायचे, त्याचं मूळ हाफटाइममध्ये निघालं. तिथले बदल आपल्या प्ले-बाय-प्लेत (सामन्यातल्या घटनांच्या क्रमवार नोंदींत) नोंदलेलेच नसतात. पहिल्या हाफच्या शेवटचे पाच तसेच पुढे धरले, की चूक शेवटपर्यंत वाहत जाते.

उपाय असा: दुसऱ्या हाफमध्ये प्रत्येकाचं नाव पहिल्यांदा कुठे येतं ते पाहायचं. ‘आत’च्या नोंदीआधी शॉट, रिबाउंड, फाऊल किंवा ‘बाहेर’ आलं तर तो सुरुवातीपासून कोर्टवर. (बेंचवरच्याला मिळालेला टेक्निकल वगळा.) तरी चारच भरले, तर पाचवा बॉक्स स्कोअरच्या (सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्याच्या) मिनिटांवरून ओळखायचा. बेरीज २००, दर ओव्हरटाइमला आणखी २५. मिनिटं पूर्णांकात असतात, त्यामुळे माणशी एका मिनिटाचा फरक सोडून द्या.

दुसरा सापळा दोन फ्री थ्रोंच्या मध्ये होणाऱ्या बदलाचा. घड्याळ थांबलेलं, वेळ तीच. वेळेवर सॉर्ट केलं की क्रम बिघडतो आणि गुण भलत्याच पाचांच्या खात्यात जातो. मूळ ओळक्रमांक जपाच. एका सामन्याला स्प्रेडशीट पुरते, मोसमाला पांडाज (पायथनची डेटा लायब्ररी) हवं. बदल न देणारा स्क्रेपर (वेबवरून नोंदी उतरवणारा प्रोग्राम) कितीही देखणा असो, या कामाला कुचकामी.

चाचणीला कोच लिओनार्ड हॅमिल्टन यांचा २०१९-२० चा फ्लोरिडा स्टेट घ्या. पॅट्रिक विल्यम्स एकदाही सुरुवातीच्या पाचांत नव्हता, तरी २०२० च्या एनबीए ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) चौथा गेला. ‘राखीव म्हणजे कच्चा’ धरणारं सूत्र इथेच तोंडावर आपटतं. पुढचा नंबर कोच जॉन कॅलिपारींच्या २०१४-१५ च्या केंटकीचा होता. पाचच्या पाच खेळाडू एकदम बदलण्याची त्यांची पद्धत डिसेंबरात खेळाडू अॅलेक्स पॉयथ्रेसच्या गुडघ्याच्या दुखापतीबरोबर मोडली, म्हणजे मोसम दोन तुकड्यांत मोजावा लागेल.

पण केंटकी थांबू दे. आधी प्रत्येक बदलाला कारणाची खूण हवी. पहिल्या हाफमध्ये दोन फाऊल झाले की बरेच कोच खेळाडूला हाफटाइमपर्यंत बसवतात. तिथे राखीवाला मिळालेली मिनिटं ही कोचची पसंती नव्हे, नाइलाज. केनपॉम (कॉलेज बास्केटबॉलच्या आकडेवारीची वेबसाइट) हे ‘टू-फाऊल पार्टिसिपेशन’ म्हणून वेगळं मोजतो, ते उगाच नाही. तेव्हा खुणा तीन: हाफची १६, १२, ८, ४ मिनिटं उरल्यानंतरच्या मीडिया टाइमआउटला (प्रक्षेपणातल्या जाहिरातींच्या विरामाला) झालेले ठरीव बदल, फाऊलमुळे झालेले, आणि शेवटच्या दोन मिनिटांतली बचाव-आक्रमणाची अदलाबदल. तिसऱ्यात बदलांची संख्या फुगते, मिनिटं जेमतेम.

महिलांचे सामने तूर्त नकोत. २०१५-१६ पासून चार क्वार्टर, म्हणजे हाफटाइमचीच अडचण तीनदा.