मनगट धरून मोजलेले श्वास

नाइट ड्यूटीला वॉर्ड ताब्यात घेतला की मी आधी टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाच्या नोंदींचा तक्ता, पाहते. त्या रात्री श्वसनाच्या रकान्यात सगळ्यांचेच २० लिहिलेले होते. अठ्ठावीस पेशंट आणि सगळ्यांचा श्वास सारखा? मला याचा फार राग येतो. ताप थर्मामीटर सांगतो, बीपीला मशीन आहे. श्वास मात्र आपल्यालाच पूर्ण मिनिटभर बसून मोजावा लागतो, म्हणून तोच गाळला जातो.

सात नंबरच्या खाटेवरचे काका म्हणाले, "मला काही नाही सिस्टर, झोपू द्या." ताप नव्हता. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियातही कधी कधी ताप येत नाही. मी नाडी पाहिली आणि मनगट तसंच धरून ठेवलं, नजर छातीवर. श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं की त्याची लय बदलते, म्हणून मनगट सोडायचं नाही. ३२ भरले. मोठ्या माणसाचे १२ ते २० असतात. मग नीट पाहिलं: हासळीवरचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता, आणि "झोपू द्या" म्हणतानाही ते मध्येच थांबले होते.

खाटेचं डोकं वर केलं, ऑक्सिमीटर लावला. रक्तातला ऑक्सिजन ८७ टक्के, कमी. डॉक्टरांना फोन केला, ऑक्सिजन सुरू झाला.

पहाटे चारला पुन्हा मनगट धरलं. २४. काका झोपले होते, तोंड किंचित उघडं. सोबतच्या विद्यार्थिनीला म्हटलं, "आता तू मोज. घड्याळाकडे बघ, घाई करू नकोस."